रिकाम्या पिस्तुलाची झीज

संपादकांना पदकांची गोष्ट हवी होती, म्हणून मी पुण्याजवळच्या एका शूटिंग रेंजवर गेले होते. पण शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या मामांच्या टेबलापाशी बसले आणि दुपार तिथेच गेली.

टेबलावर पॉइंट २२चं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल उघडून ठेवलं होतं. मामांनी बॅटरीचा झोत बॅरलच्या मागच्या तोंडावर धरला आणि भिंग माझ्या हातात दिलं. “कडेला बघा, ताई.” चकचकीत पोलादावर तिळाएवढाही नसेल असा एक घाव होता. घावातलं पोलाद दबून आत, चेंबरमध्ये सरकलं होतं. “हे गोळ्या झाडून नाही झालं. रिकामा ट्रिगर दाबून दाबून झालंय.”

१८८७ पासून चालत आलेल्या, या पिस्तुलात लागणाऱ्या काडतुसात ठिणगी देणारा मसाला बुडाच्या मधोमध नसतो, पितळी कडेच्या घडीत असतो. म्हणून फायरिंग पिन कडेवरच बसते. काडतूस असेल तर मऊ पितळ चेपतं आणि दणका पोटात घेतं. नसेल, तर बऱ्याच पिस्तुलांत पोलाद थेट पोलादावर आदळतं. मग आत आलेली ती बारीकशी कड पुढचं काडतूस नीट बसू देत नाही, झाडलेली पुंगळी बाहेर येताना अडवते.

पण कोरड्या, म्हणजे काडतुसाविना केलेल्या, सरावाशिवाय नेमबाज घडत नाही. २५ मीटरच्या जलद फेरीत लक्ष्य ७ सेकंद बंद, ३ सेकंद उघडं. तेवढ्यात हात वर नेऊन एकच गोळी. हे अंगात मुरायला ट्रिगर हजारो वेळा दाबावा लागतो. २०१८च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांगला नेमबाज राही सरनोबतची ३४ गुणांवर बरोबरी झाली आणि तिचं सुवर्णपदक शूट-ऑफमध्ये ठरलं. असा हात रिकाम्या ट्रिगरवरच तयार होतो. काही स्पर्धा-पिस्तुलांत त्यासाठी वेगळी सोय असते, पिनचा दणका पोचतच नाही. जिथे नसते, तिथे मामांचा उपाय हार्डवेअरच्या दुकानातला: भिंतीत स्क्रू बसवायची प्लास्टिकची गिट्टी. कॉलरवाली घ्यायची, चेंबरमध्ये सारायची. पिन त्या कॉलरवर बसते.

घाव कसा काढतात तेही पाहिलं. निमुळती, आरशासारखी घासलेली पोलादी सळई चेंबरमध्ये घालून मामा ती हलक्या हाताने फिरवत होते. कानस नाही, पॉलिश पेपर नाही. “धातू काढायचा नाही. जिथनं सरकला तिथं परत ढकलायचा.” दहा मिनिटं ते एक शब्द बोलले नाहीत. मीही श्वास रोखूनच बसले होते.

दुसरी खोड म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा बोल्ट मागे ओढून खटकन सोडणं. मुलांना तो आवाज आवडतो. मॅगझिनमधलं काडतूस उचलताना बोल्टचा वेग थोडा मोडतो. रिकामा असला की तो सगळ्या जोराने आदळतो. हॅमर जिच्यावर अडून राहतो ती कड केसभर रुंदीची. हादरे बसून ती झिजली की ट्रिगरला बोट न लावताही हॅमर सुटू शकतो. २५ मीटरच्या या प्रकारात ट्रिगरचं वजन किमान १००० ग्रॅम लागतं. मामा तेवढं वजन टांगून दर पिस्तूल तपासतात. बोल्ट हाताने धरून पुढे न्या, हे ते रोज सांगतात.

रोज सांगावं लागतं, कारण क्लबचं एक पिस्तूल सहा-सात मुलांच्या हाती फिरतं. कुणाच्या हातून घाव पडला, कळत नाही. चांगली पिस्तुलं इटली, जर्मनी, स्वित्झर्लंडची. साधी पिन मोडली तरी सुटा भाग तिकडून येईपर्यंत पिस्तूल कपाटात, आणि एखाद्या मुलीची निवड चाचणी तोंडावर आलेली. मामांना आता भिंगाशिवाय कड दिसत नाही. हाताखाली दोन मुलगे येऊन गेले, टिकला एकही नाही. ती सळई त्यांच्यानंतर कोण फिरवणार, हे मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही.

एवढ्यात एक मुलगी पिस्तूल घेऊन आली, चेंबरमधून नारिंगी सुरक्षा-दोरी बाहेर लोंबत होती. “गिट्टी?” मामांनी हात पुढे केला. तिने कंपासपेटीतून काढून दिली. कॉलर एकाच जागी चेपून आरपार फाटली होती. मामांनी ती भिंगाखाली धरली, मग तिचं पिस्तूल मागून घेतलं आणि बॅटरी लावली.