समदुःखी सोबती : हृदयझडपेच्या शस्त्रकर्मापूर्वीचा एक दुर्लक्षित उपचार

हृदयाच्या झडपेचे शस्त्रकर्म सुचविले गेलेला रुग्ण आपल्या चिकित्सालयाची पायरी बहुधा दोनदा चढतो. पहिल्या वेळी तो इकोचा अहवाल पुढे ठेवून विचारतो, “वैद्यराज, ऑपरेशन टळेल असे काही औषध आहे का?” दुसऱ्या वेळी तो येतो तेव्हा तारीख ठरलेली असते. आता त्याला औषध नको असते. झोप उडालेली असते, अन्नावरची वासना गेलेली असते. घरातील माणसे ‘काही होत नाही, धीर धर’ असे दिवसातून दहा वेळा सांगत असतात आणि त्या प्रत्येक वाक्यागणिक त्याचा धीर सुटत असतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण आपापल्या अनुभवानुसार देतो. या दुसऱ्या भेटीत काय करावे, याचा विचार मात्र आपल्या व्यवसायात फारसा झालेला दिसत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी भेट आहे.

भीतीची किंमत

झडपेचा विकार हा मुख्यतः रचनेचा बिघाड होय. बालपणी वा किशोरवयात घशाच्या संसर्गामागून येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापामुळे मायट्रल झडपेची दले एकमेकांस चिकटतात. उतारवयात एऑर्टिक झडपेवर कॅल्शियमचे थर साचून तिचे द्वार अरुंद होते. अर्जुनाच्या क्षीरपाकाबद्दल आपणा सर्वांस आदर आहे. परंतु चिकटलेली दले अथवा दगडासारखे कठीण झालेले द्वार औषधाने मोकळे होत नाही. आधुनिक गोळ्यांनाही ते साधत नाही. त्या सूज आणि धाप कमी करतात, झडप दुरुस्त करीत नाहीत.

एऑर्टिक झडपेचे तीव्र आकुंचन असलेल्या रुग्णास श्रमाने धाप लागणे, छातीत दुखणे वा भोवळ येणे ही लक्षणे सुरू झाल्यावर झडप न बदलल्यास त्याचे सरासरी आयुष्य दोन ते तीन वर्षांचेच उरते. झडप गळत असेल तर हृदयाचा डावा कप्पा फुगत जातो, आणि फार उशीर झाल्यास नवी झडप बसवूनही त्याचे बल पूर्ववत होत नाही. म्हणूनच या रुग्णाची भीती ही केवळ मनाची बाब राहत नाही. ती तारीख पुढे ढकलते. ‘दिवाळी होऊ द्या’, ‘मुलीचे लग्न होऊ द्या’ असे म्हणत महिने जातात आणि त्या महिन्यांची किंमत हृदय मोजते. भीती कमी करणे हा येथे प्रत्यक्ष चिकित्सेचाच भाग ठरतो.

ग्रंथांतील आधार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले. त्यांपैकी आतुराच्या चार गुणांत ‘अभीरुत्व’ म्हणजे निर्भयता मोजली आहे. हा गुण उपजत असलेला रुग्ण विरळाच. बहुतेकांत तो निर्माण करावा लागतो. तो कसा करावा याचेही दिग्दर्शन संहितांत आहे. सूत्रस्थानाच्या पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात वमन-विरेचनापूर्वी करावयाच्या सिद्धतेचे वर्णन येते. त्यात घर, उपकरणे, औषधे यांच्या जोडीला गायन, कथा, इतिहास-पुराणे यांत निपुण असलेली माणसेही आधीच जवळ असावीत, असे सांगितले आहे. सुश्रुताचार्य तर व्रणितोपासनीय अध्यायात मित्रांचे काम स्पष्टच सांगतात: गोड बोलून, गोष्टी सांगून, पुन्हा पुन्हा आश्वासन देऊन त्यांनी व्रणिताची वेदना हलकी करावी.

चरकांनी मानस विकारांच्या उपायांत ‘तद्विद्यसेवा’ म्हटली आहे. त्या विषयाच्या जाणकाराचा सहवास, असा तिचा अर्थ. छाती उघडून केलेल्या शस्त्रकर्माचा जाणकार कोण? शल्यचिकित्सक त्याचे तंत्र जाणतो, आपण शरीर आणि प्रकृती जाणतो. पण त्या टेबलावर झोपून पुन्हा घरी चालत आलेला माणूस जे जाणतो ते आपणा दोघांपाशी नाही. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

बोस्टनमधील चार रुग्ण

या विचारास संघटित रूप मिळाले ते अमेरिकेतील बोस्टन शहरात, आणि तेही झडपेच्याच रुग्णांमुळे. १९२३ साली तेथील पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात डॉ. एलियट कटलर यांनी मायट्रल झडपेवर शस्त्रकर्म केले. पुढचे बहुतेक रुग्ण दगावल्याने तो मार्ग सोडून द्यावा लागला. १९४८ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉ. चार्ल्स बेली आणि बोस्टनचे डॉ. ड्वाइट हार्केन यांनी काही दिवसांच्या अंतराने तो पुन्हा खुला केला. त्या काळी धडधडत्या हृदयात बोट घालून झडप मोकळी करीत. अशा शस्त्रकर्मास संमती देणाऱ्या रुग्णाच्या मनाची अवस्था काय असेल, याची कल्पना करता येते.

१९५१ मध्ये हार्केन यांच्या चार रुग्णांनी एकत्र येऊन नव्या रुग्णांस भेटण्याचे ठरविले. त्यातून ‘मेंडेड हार्ट्स’, म्हणजे सांधलेली हृदये, ही संस्था उभी राहिली. आजही तिचे प्रशिक्षित स्वयंसेवक हृदयरुग्णांच्या भेटी घेतात. प्रशिक्षित हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसता अनुभव असून भागत नाही, तो कसा सांगावा हेही शिकावे लागते.

२००० साली कॅनडात बायपास शस्त्रकर्मास प्रथमच सामोऱ्या जाणाऱ्या पुरुषांवर एक तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून पार पडलेल्या माणसाची भेट ज्यांना घडवून दिली, त्यांची चिंता कमी आढळली आणि नंतरच्या दिवसांत चालण्या-फिरण्याचा त्यांचा आत्मविश्वासही अधिक होता. बायपास आणि झडप ही शस्त्रकर्मे वेगळी असली तरी छाती उघडण्याची भीती एकच आहे.

सोबती काय सांगू शकतो

रुग्णाच्या मनात जे प्रश्न असतात ते अनेकदा डॉक्टरांना विचारण्यासारखे त्याला वाटत नाहीत. शुद्धीवर आल्यावर घशात नळी असेल आणि काही काळ बोलता येणार नाही, हे आधी कळलेला रुग्ण त्या क्षणी घाबरत नाही. खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी, तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र घरीच वापरून पाहावे, उरोस्थी सांधेपर्यंत सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून अधिक काळ, पाण्याची कळशी वा नातवंड उचलू नये, या गोष्टी कागदावरही लिहून मिळतात. पण “काकू, मी पण पहिले पंधरा दिवस विनाकारण रडत होते, मग आपोआप थांबले” हे वाक्य कागदावर नसते. शस्त्रकर्मानंतर येणारी उदासी अनेकांना येते आणि बहुधा ओसरते, हे ज्याने भोगले त्याच्या तोंडून ऐकले की पटते. ती ओसरली नाही तर डॉक्टरांना सांगावे, हेही तोच सांगतो.

झडपेची निवड हा याहून गहन प्रश्न. धातू-कार्बनची यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि पीटी-आयएनआर ही तपासणी नियमित करावी लागते. जैविक झडपेस बहुधा ही जन्माची गोळी लागत नाही, पण ती दहा ते पंधरा वर्षांत आणि तरुणांत त्याहूनही लवकर झिजू शकते. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीस हा निर्णय अधिकच कठीण, कारण वॉरफरीन गर्भास बाधक ठरू शकते. निर्णय तिने शल्यचिकित्सकाबरोबरच घ्यावयाचा. परंतु गोळी आणि तपासणी यांसह रोजचे आयुष्य कसे असते, रात्रीच्या शांततेत झडपेचा टिकटिक आवाज कसा ऐकू येतो आणि त्याची सवय कशी होते, हे त्या वाटेने गेलेली स्त्रीच तिला सांगू शकते.

जोडी जुळविताना

प्रत्येक वैद्याच्या नोंदवहीत झडपेचे शस्त्रकर्म झालेले काही रुग्ण असतातच. औषधालयाच्या मालकांस तर ते नावाने ठाऊक असतात. पुढील पथ्ये पाळली तर ही जोडणी कोणत्याही गावात करता येईल.

पहिले, दोघांचीही संमती स्वतंत्रपणे घ्यावी. जुन्या रुग्णाचे नाव वा दूरध्वनी क्रमांक त्याच्या होकाराशिवाय देऊ नये. दुसरे, शक्यतो झडप, शस्त्रकर्माचा प्रकार, वय आणि लिंग जुळावे. फुग्याने झडप रुंद करून घेतलेल्या रुग्णाचा अनुभव छाती उघडाव्या लागणाऱ्यास उपयोगी नाही. तिसरे, शस्त्रकर्मास किमान सहा महिने झालेला, प्रकृती स्थिर असलेला आणि ऐकून घेण्याची सवय असलेला सोबती निवडावा. चौथे, भेट शक्यतो तारखेच्या एक-दोन आठवडे आधी व्हावी आणि घरातील एक माणूस सोबत असावा, कारण त्याची भीती अनेकदा रुग्णाहून मोठी असते. पाचवे, सोबत्याने स्वतःचे सांगावे, दुसऱ्याचे भाकीत करू नये. रुग्णालयाची जाहिरात, खर्चाची तुलना वा पैशाचा व्यवहार करू नये. जे कठीण गेले तेही सांगावे. सगळे गोड सांगणाऱ्यावर रुग्णाचा विश्वास बसत नाही.

औषधालयाचा गल्ला

सर्वांत कडक पथ्य औषधाचे. “मला या चूर्णाने आराम पडला, तुम्हीही घ्या” हे वाक्य समदुःखी माणसाच्या तोंडून आले की वैद्याच्या चिठ्ठीपेक्षा जड होते आणि त्याचा शेवट आपल्या औषधालयाच्या गल्ल्यावर होतो. ज्येष्ठमध अधिक मात्रेत वा दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटते. रुग्ण मूत्रल गोळी आणि डिगॉक्सिन घेत असेल तर त्यातून हृदयाची लय बिघडू शकते; आणि ज्येष्ठमध तर खोकल्याच्या कितीतरी औषधांत असते. औषधी मात्रेतील लसूण, सुंठ, हळद, गुग्गुळ यांमुळे रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढण्याची शक्यता असल्याने शस्त्रकर्मापूर्वी आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीसोबत ती शल्यचिकित्सकास कळविल्याविना देऊ नयेत. पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्व त्याच गोळीचा प्रभाव कमी करते. म्हणून पालेभाजी वर्ज्य नव्हे, तिचे प्रमाण रोज सारखे असावे.

यावर साधा उपाय आहे. तारीख ठरलेल्या प्रत्येक रुग्णास त्याच्या सर्व औषधांची यादी, आपल्या कल्पांतील घटकद्रव्यांसह, आपल्याच अक्षरात लिहून द्यावी आणि ती शल्यचिकित्सकास दाखविण्यास सांगावे. दातांची तपासणी झाली का, हेही विचारावे. किडलेल्या दातांतील जंतू रक्तावाटे नव्या झडपेवर बसू शकतात. सोबत्यास एकच नियम द्यावा : औषधाचा विषय निघाला की “ते वैद्यांना आणि डॉक्टरांना विचारा” एवढेच म्हणावे.

या कामास निधी लागत नाही, इमारत लागत नाही. आपल्या जिल्हा शाखांनी संमती दिलेल्या पाच-सहा जुन्या रुग्णांची एक सूची केली, त्यांना एका दुपारी ही पथ्ये समजावून सांगितली आणि सूची एका जबाबदार सदस्याकडे ठेवली, तरी आरंभ होईल. उपस्थात्याच्या गुणांत आचार्यांनी ‘अनुराग’ सांगितला आहे. शस्त्रकर्माच्या छेदाचा व्रण स्वतःच्या छातीवर वागविणाऱ्या माणसापाशी तो विपुल असतो. त्याला योग्य दारापर्यंत नेऊन सोडणे एवढेच काम आपले आहे, आणि ते तारखेपूर्वी व्हावयास हवे.