सरहद्द दोन देशांची, ढोल एकच: अनिशिनाबे लोकांचं ‘पाऊवाऊ’

इंग्रजीत ‘पाऊवाऊ’ म्हणजे चार जणांनी एकत्र बसून केलेली खलबतं. ‘चला, जरा पाऊवाऊ करू या’ असं मीटिंगआधी सहज म्हटलं जातं. उत्तर अमेरिकेतल्या अनेक मूळ रहिवाशांना हे खटकतं, कारण त्यांच्यासाठी पाऊवाऊ म्हणजे गप्पा नव्हेत. ढोल, गाणी, नाच, जेवण आणि वर्षभराने भेटणारी भावकी, असा तो दोन-तीन दिवसांचा मेळा असतो.

गंमत अशी की हा शब्द त्यांच्यातल्या बहुतेकांचा नाहीच. अटलांटिक किनाऱ्यावरच्या नॅरागॅन्सेट आणि तिच्या जवळच्या भाषांत त्याचा अर्थ होता वैदू, मांत्रिक. सतराव्या शतकात इंग्रज वसाहतवाल्यांनी तो ऐकला आणि मांत्रिकाचं नाव जमावालाच चिकटवलं. पुढे तेच नाव सगळ्या खंडभर पसरलं.

किनाऱ्यापासून आत, पाच महासरोवरांच्या भोवती अनिशिनाबे लोक राहतात. ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी ही त्यांच्यातलीच नावं. 1783च्या पॅरिस तहात ब्रिटन आणि अमेरिकेने या सरोवरांच्या मधूनच सीमारेषा ओढली. तहाच्या टेबलावर मूळ रहिवाशांपैकी कुणी नव्हतं. एका काठावरचे नातेवाईक एका देशात गेले, समोरच्या काठावरचे दुसऱ्या. 1794च्या जे करारात मूळ रहिवाशांना दोन्हीकडे मोकळेपणी ये-जा करता येईल असं लिहिलं गेलं. अमेरिका ते काही अटींसह आजही मानते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1956 मध्ये सांगितलं की वेगळा कायदा केल्याशिवाय तो करार इथे लागू होत नाही. एकच मेळा, पण तिथे पोचायला कुणाला कुठली कागदपत्रं लागतील, हे तो कुठल्या काठावर जन्मला त्यावर ठरतं.

त्यांच्या स्वतःच्या भाषेत या मेळ्याला ‘नीमिइदिविन’ म्हणतात, म्हणजे एकमेकांसोबत नाचणं. मॅनिटूलिन बेटाच्या बाजूला ‘जिंगतमोक’ हा शब्द चालतो. ‘नीमि’ म्हणजे तो नाचतो, किंवा ती नाचते. या भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ असा भेदच नाही. भेद आहे तो सजीव आणि निर्जीव असा. आपणही ढोल ‘तो’ आणि ढोलकी ‘ती’ म्हणतो, पण तेवढ्यावरून त्यांच्यात जीव आहे असं कुणी म्हणत नाही. ओजिब्वेत ढोल, म्हणजे ‘देवेइगन’, व्याकरणाने सजीव आहे, आणि त्यामुळे क्रियापदच बदलतं. ‘मी घर पाहतो’ म्हणताना ‘वाबंदान’, माणूस पाहिला तर ‘वाबमा’. ढोल पाहिला तरी ‘वाबमा’च.

अर्थात व्याकरणावरून थेट श्रद्धा काढू नये. याच भाषेत रासबेरी सजीव आहे आणि स्ट्रॉबेरी निर्जीव! पण ढोलाच्या बाबतीत वागणूकही तशीच असते. त्याला आजोबा म्हणतात, तंबाखू अर्पण करतात, एकटा सोडत नाहीत. ‘ड्रम’ हा शब्द तर ढोल आणि त्याच्याभोवती बसून एकाच ठेक्यात वाजवत गाणारी मंडळी, दोघांसाठीही वापरतात.

या मोठ्या ढोलाची कथा 1870च्या दशकातली सांगतात. टेल फेदर वुमन नावाची डाकोटा स्त्री अमेरिकन सैनिकांपासून जीव वाचवायला तळ्यात, कमळाच्या पानांखाली लपून राहिली. तिथे तिला ढोलाचा दृष्टान्त झाला. डाकोटांनी तो ढोल आपले जुने वैरी असलेल्या ओजिब्वेंना दिला, तहाची खूण म्हणून. त्या पवित्र ढोलाचे विधी वेगळे आणि कडक आहेत. पाऊवाऊचा ढोल त्याच्याच घराण्यातला, पण चारचौघांत वाजणारा.

स्त्रियांच्या झिंगल ड्रेसची गोष्ट त्यानंतरची. आजारी मुलीच्या बापाला स्वप्नात हा पोशाख आणि नाच दिसला, त्याने तो करवून घेतला, मुलगी नाचत नाचत बरी झाली, अशी ती कथा. मिनेसोटातलं मिल लॅक्स म्हणतं हे आमच्याकडे घडलं, ऑन्टारियोतलं व्हाइटफिश बे म्हणतं आमच्याकडे. रेड लेकच्या ओजिब्वे इतिहासकार ब्रेंडा चाइल्ड यांनी या नाचाचा उगम 1918च्या फ्लूच्या साथीशी जोडला आहे. पोशाखावरचे पत्र्याचे शंकू पूर्वी तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांचे करत. चालताना त्यांचा पावसासारखा आवाज येतो. 2020 मध्ये कोरोनाने मेळे बंद पाडले, तेव्हा या बायका अंगणात नाचून व्हिडिओ टाकत होत्या. कारण तेच, साथ.

हा नाच रुजत होता तेव्हा सरकार नाच बंद पाडत होतं. अमेरिकेत 1883च्या नियमांनी काही नाच गुन्हा ठरले, आणि 1921 मध्ये नाचांना आळा घालण्याचं परिपत्रक पुन्हा निघालं. कॅनडाने 1914 मध्ये पश्चिमेकडच्या प्रांतांत परवानगीशिवाय पारंपरिक पेहरावात नाचायला मनाई केली. ही कलमं 1951 मध्ये गळली. मधल्या काळात लोकांनी वाट काढली. 4 जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या नावाखाली, ढोल वाजायचे. देशभक्तीला साहेब नाही कसा म्हणणार?

आज रिंगणात आधी गरुडाच्या पिसांची काठी आणि झेंडे येतात, ते धरणारे बहुधा माजी सैनिक. मग सगळे नर्तक, मध्यभाग उजव्या हाताला ठेवून, प्रदक्षिणेसारखे फिरतात. पोशाखाला ‘कॉस्च्युम’ म्हटलं की लोक दुरुस्त करतात, ते सोंग नव्हे. गरुडाचं पीस जमिनीवर पडलं तर नाच थांबतो, आणि ते विधिपूर्वक उचलल्याखेरीज पुढे सरकत नाही. त्या वेळी फोटो काढायचा नसतो. ‘इंटरट्रायबल’ची हाक आली की पाहुण्यांनीही खुशाल रिंगणात उतरावं.

नाच टिकला, भाषेचं तसं झालं नाही. कॅनडातल्या निवासी शाळांत दीड लाखाहून जास्त मूळनिवासी मुलं घातली गेली. तिथे घरची भाषा बोलल्याबद्दल मार मिळे. आता निवेदक माइकवर बराचसा इंग्रजीतच बोलतो. पुष्कळ गाण्यांत शब्दच नसतात, फक्त ‘हे’, ‘या’ असे स्वर. त्यामुळे कुठल्याही भाषेचा, किंवा भाषा हरवलेला, माणूसही त्यात सामील होऊ शकतो. पण त्याच माइकवरून ‘बोझू’, ‘बींदिगेग’ (या, आत या), ‘मीग्वेच’ (आभार) हे शब्दही कानावर पडत असतात, आणि नव्या गाण्यांत ओजिब्वे ओळी पुन्हा येऊ लागल्या आहेत. घरी ही भाषा न ऐकलेली पोरं ‘अंबे, नीमिदा’ ही हाक ऐकतात. चला, नाचू या. त्याचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगावा लागत नाही.