रात्री जाळं, सकाळी सवारी

भवानीचं दर्शन उरकून पुण्या-मुंबईकडं परतणाऱ्या गाड्या सोलापूर, इंदापूर मागं टाकतात, तशा रस्त्याकडच्या हॉटेलांच्या पाट्या बदलतात. मटण-भाकरी मागं पडते आणि 'भिगवण स्पेशल मच्छी' सुरू होते. तुळजापूरपासून हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. ताटात येते ती चिलापी, उजनीच्या फुगवट्यातली. तिला पाण्याबाहेर काढणारी होडी त्याच दिवशी चार पैसे देऊन तुम्हालाही मिळते, हे मात्र गाडी दामटणाऱ्यांना सहसा माहीत नसतं.

उजनी धरण माढा तालुक्यात, भीमेवर. 1980 साली पुरं झालं. पोटात 117 टीएमसी पाणी, पण त्यातलं 63 टीएमसीहून अधिक मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती या मृतसाठ्याच्या वर. म्हणून उन्हाळ्यात 'उजनी वजा पन्नास' अशी बातमी येते आणि परक्या माणसाला वाटतं, धरण कोरडं पडलं. कोरडं कसलं? वजातही तिथं तीस टीएमसीच्या वर पाणी असतं. पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं, गाळाच्या पट्ट्या उघड्या पडतात, आणि होडीवाल्याचे चांगले दिवस नेमके तेव्हाच येतात.

होडी तशी साधीच. पूर्वी लाकडी, आता फायबरची किंवा पत्र्याची. आत बसायला आडव्या फळ्या, मागं मोटार, शिवाय एक लांब बांबू. संध्याकाळी तंगुसाची जाळी टाकायची. वरच्या दोरीला थर्माकोलचे तुकडे नाहीतर रिकाम्या बाटल्या, खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या, की जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. मासा डोकं घालतो आणि कल्ल्यांत अडकतो. पहाटे जाळं ओढताना एकेक मासा बोटांनी सोडवावा लागतो. चिलापीच्या पाठीवरचा काटेरी पर ताठ उभा असतो, चुकला हात की रक्त. उजेड पडतो तसा माल भिगवणच्या बाजाराला लागतो. लिलाव, बर्फ, थर्माकोलची खोकी, टेम्पो. हे सगळं लोकांच्या न्याहारीआधी उरकतं.

चिलापी इथली नव्हे. आफ्रिकेतला हा मासा 1952 साली भारतात आणला. मादी अंडी तोंडात धरते, पिल्लंही धोका दिसला की तिच्याच तोंडात शिरतात. ती अशी पिलावळ वाचवते, आणि कटला-रोहूच्या बोटुकलीला मात्र असं कुणी नाही. मरळ, वाम, शिंगटा ही भीमेची जुनी मंडळी तर मागंच पडली. त्यात 'वडाप' म्हणून बारीक आसाचं जाळं. बंदी असूनही चालतं आणि पिल्लासकट सगळं खरवडून नेतं. पुण्या-पिंपरीचं सांडपाणीही नदीवाटे इथंच येऊन थांबतं. चिलापीला त्याचंही फारसं वावडं नाही. या धंद्याचा भार आज तिच्याच पाठीवर आहे, आणि ते मला फारसं शुभ वाटत नाही.

मासेमारीला नियमांचा धाक कसा असतो, याचा दाखला लांब अलास्कात सापडतो. तिथं होमर नावाचं बंदर आहे. तिथल्या भाड्याच्या बोटी हौशी लोकांना हॅलिबट धरायला घेऊन जातात. चपटा, दोन्ही डोळे एकाच अंगाला असलेला हा मासा. आपल्या कोकणातला भाकस त्याचा लांबचा भाऊबंद. तिथं एका माणसानं दिवसाला किती मासे ठेवायचे, हे ठरलेलं. अमेरिका आणि कॅनडानं या एका माशासाठी 1923 साली करार करून आयोग नेमला, आणि तो अजून दरवर्षी बैठक घेतो. आपल्याकडं नियम नाहीत असं नाही. पण रात्रीच्या अंधारात फुगवट्यावर कोण कुठलं जाळं टाकतो, हे बघायला जातो कोण?

कुंभारगाव, डिकसळच्या मच्छीमारांना दुसरा आधार दिला तो पाखरांनी. हिवाळ्यात पाणी ओसरू लागलं की गुडघाभर पाण्यात रोहित पक्षी उतरतात. कॅमेरेवाले पहाटेच हजर. रात्री जाळं वाहिलेली होडी धुऊन, फळ्यांवर सतरंजी टाकून सवारी घेते. कुठल्या उथळीत पाखरं बसलीत हे मच्छीमाराला पुस्तकाशिवाय ठाऊक असतं, कारण त्याचं मासळीचं ठिकाणही तेच. जवळ गेलं की मोटार बंद, पुढं बांबूनं ढकलत. "मामा, अजून थोडं जवळ घ्या की," असं मागून होतंच. चांगला मामा ऐकत नाही. थवा एकदा उठला की मागच्या होडीची सवारी फुकट जाते, आणि मागची होडी बहुधा त्याच्याच भावकीतली असते.

याच पाण्यावर होडी एसटीचंही काम करते. करमाळ्याकडचा माणूस इंदापूरकडं जायचा तर रस्त्यानं मोठा वळसा. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीकडं निघालेली होडी वादळात उलटली. सहा जण गेले, एक जण पोहून काठाला लागला. शिरसोडी ते कुगाव असा पूल मंजूर झालेला आहे. तो व्हायलाच हवा, त्यानं कुणाच्या होडीची चार भाडी बुडाली तरी.

जायचं असेल तर जानेवारी ते मार्च, आणि उजाडतानाच. अंगात लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका, मामा 'काय होत नाय' म्हणाले तरी. उन्हाळ्यात दुपारनंतर वारं सुटतं, तेव्हा पाण्यात उतरायचंच नाही. भाडं आधी ठरवा, पण घासाघीस फार करू नका. आणि जेवायला बसलात की मरळ मिळते का, एवढं विचारून बघा. बहुतेक वेळा चिलापीच आहे म्हणतील.