दृष्टिपटल आणि संगणकाची नजर

मधुमेहामुळे होणारी दृष्टिपटलाची हानी बराच काळ निःशब्द असते. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, वाचनात अडथळा येत नाही. ज्या दिवशी नजरेसमोर धुके दाटते, त्या दिवशी उपचाराची उत्तम वेळ बहुधा निघून गेलेली असते. मी नेत्रतज्ज्ञ नव्हे. इंदूरमध्ये मधुमेहाच्या रुग्णांवर उपचार करणारा एक फिजिशियन आहे. तथापि, “डॉक्टर, मला तर सगळं स्वच्छ दिसतंय, मग डोळे कशाला तपासायचे?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की दृष्टिपटलाच्या संगणकीय परीक्षणाविषयी मला कुतूहल वाटणे स्वाभाविकच होते.

या संशोधनाचा आरंभ रक्तवाहिन्या ओळखण्यापासून झाला. पुढे मुंबईच्या आयआयटीचे संचालक झालेले सुभाशिष चौधरी यांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसमवेत १९८९ मध्ये एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. वाहिनीच्या आडव्या छेदातील उजेडाचा चढउतार घंटाकृती वक्रासारखा असतो, हे हेरून त्यांनी तसा गणिती साचा १२ दिशांना फिरवून छायाचित्रावर लावला. येथे नियम माणसाने सांगितला होता. संगणक तो केवळ पाळत होता.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गूगलच्या संशोधनाची रीत निराळी होती. संगणकास नियम न सांगता १,२८,१७५ छायाचित्रे दाखविण्यात आली. ५४ नेत्रतज्ज्ञ व वरिष्ठ निवासी डॉक्टरांनी प्रत्येक चित्र ३ ते ७ वेळा तपासून त्याची प्रतवारी केली होती. चित्रांमध्ये अरविंद, शंकर नेत्रालय व नारायण नेत्रालय या भारतीय रुग्णालयांतील चित्रेही होती. यंत्राचे ज्ञान म्हणजे या डॉक्टरांच्या निदानांचेच सार होय.

एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तज्ज्ञाविना निर्णय देणाऱ्या पहिल्या प्रणालीस मान्यता दिली. चाचणीत तिची संवेदनशीलता सुमारे ८७ टक्के होती. म्हणजे १०० बाधितांपैकी १३ जण तिच्या नजरेतून सुटू शकतात. त्याच वर्षी मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाइलवर, इंटरनेटविना चालणाऱ्या प्रणालीची चाचणी झाली. तज्ज्ञाकडे पाठविण्याजोगा एकही रुग्ण तीत सुटला नाही. अर्थात रुग्णसंख्या मर्यादित होती, हे विसरता कामा नये.

थायलंडमधील अनुभव अधिक बोलका आहे. तेथील ११ दवाखान्यांतील अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा महिन्यांत प्रणालीकडे आलेल्या १,८३८ चित्रांपैकी २१ टक्के चित्रे तिने अस्पष्ट म्हणून नाकारली. खोली पुरेशी अंधारी नसणे, इंटरनेट मंद असणे अशा साध्या अडचणी होत्या. परंतु चित्र नाकारले गेले की रुग्णास दूरच्या तज्ज्ञाकडे खेप घालणे आले. प्रयोगशाळेतील अचूकता आणि दवाखान्यातील उपयोग यांत किती अंतर असते, हे यावरून ध्यानात यावे.

आपण चिकित्सकांनी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. यंत्राला जो रोग शोधण्यास शिकविले, तोच ते शोधते. ‘रेटिनोपथी नाही’ या अहवालाचा अर्थ काचबिंदू नाही, असा होत नाही. दुसरे असे, की अहवालाने दृष्टी वाचत नाही. ती वेळेवर केलेल्या लेझरने, इंजेक्शनने आणि रक्तशर्करा व रक्तदाबाच्या नियंत्रणाने वाचते.

म्हणून टाइप २ मधुमेहाचे निदान होताच, आणि टाइप १ मध्ये पाच वर्षांच्या आत, नेत्रपटल तपासून घ्यावे. पुढे साधारणतः दरवर्षी. आपल्या शिबिरांत असे यंत्र अवश्य आणावे. मात्र ज्यांना पुढे पाठवावयाचे, त्यांची वेळ तेथेच ठरवून द्यावी आणि महिन्याभराने दूरध्वनी करून ते गेले की नाही, याची विचारपूस करावी. एवढी जबाबदारी आपण स्वीकारली, तरच या यंत्राचा लाभ रुग्णांपर्यंत पोहोचेल.