गाडी सारखी बंद पडतेय? मेकॅनिकला आधी ‘केव्हा’ ते सांगा

सकाळी साडेनऊची वेळ. मांजरीतून निघालेली गाडी सोलापूर रस्त्यावर पंधरा नंबर चौकापर्यंत जाताना तीनदा बंद पडते. स्टार्टर मारला की लगेच चालूही होते. संध्याकाळी गॅरेजला नेली, तर तिथे अर्धा तास शहाण्यासारखी चालते. मग ‘प्लग बदलून बघू’, ‘पंप टाकून बघू’ सुरू होतं आणि बिल फुगत जातं.

पेट्रोल इंजिनाला हवा, इंधन आणि ठिणगी या तीनच गोष्टी लागतात. यातली कुठली तुटतेय, याचा अर्धा उलगडा गाडी कोणत्या वेळी बंद पडते यावरूनच होतो.

सिग्नलला किंवा ब्रेक मारताना बंद पडत असेल, तर पहिला संशय थ्रॉटल बॉडीवर. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की तिथली झडप जवळजवळ मिटते आणि उरलेल्या बारीक फटीतून येणाऱ्या हवेवर इंजिन साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर तग धरतं. त्या फटीत काजळी बसली की इंजिनाचा श्वास कोंडतो. त्यात एसी लावला, कॉम्प्रेसरचा भार आला, की ते मान टाकतं. इलाज स्वस्त आहे: थ्रॉटल बॉडी उतरवून क्लीनरने साफ करायची. मात्र इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने रेटू देऊ नका आणि साफसफाईनंतर स्कॅनर लावून आयडलचं सेटिंग करून घ्या. साफ करूनही स्लो स्थिर बसत नसेल, बॉनेटखाली ‘सूंऽ’ असा आवाज येत असेल, तर एखादा व्हॅक्यूम पाइप चिरलेला असू शकतो.

गाडी तासभर चालून तापल्यावर अचानक बंद पडते आणि वीस मिनिटांनी काही झालंच नाही अशी चालू होते? हे क्रँक सेन्सरचं ठरलेलं लक्षण. क्रँकशाफ्ट कुठे आहे हे हा सेन्सर सांगतो. त्याचा सिग्नल गेला की कॉम्प्युटर ठिणगी आणि इंधन दोन्ही थांबवतो. स्टार्टर फिरतोय पण आरपीएमचा काटा अजिबात हलत नाही, असं दिसलं तर अनेक गाड्यांत संशय पक्का होतो. गॅरेजला पोहोचेपर्यंत सेन्सर थंड होतो, म्हणून तिथे दोष सापडत नाही.

चढावर किंवा ओव्हरटेक करताना आधी झटके, मग बंद, असं झालं तर इंधन पुरत नाही. फिल्टर तुंबलाय किंवा पंप थकलाय. चावी ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद गुणगुण ऐकू येते का पाहा. तो पंपाचा आवाज. टाकीतला पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो, त्यामुळे गाडी कायम रिझर्व्हवर चालवणं महागात पडतं.

पेट्रोल भरल्यावर लगेच त्रास सुरू झाला, तर दोन शक्यता. पहिली आपलीच सवय: नोझल आपोआप थांबल्यावरही ‘राउंड फिगर करा’ म्हणायचं. जास्तीचं पेट्रोल वाफेसाठी असलेल्या कोळशाच्या डब्यात शिरतं आणि पर्ज व्हॉल्व्हमधून इंजिनाला भलतंच मिश्रण मिळतं. दुसरी शक्यता पाण्याची. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते उसापासूनही होतं आणि आपल्या मांजरी बुद्रुकच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये त्यावर संशोधन चालतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं, की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात, टाकीच्या तळाशी बसतात आणि पंप नेमकं तेच उचलतो. तेव्हा टाकी रिकामी करून धुण्याला पर्याय नाही. पण प्रत्येक बिघाडाचं खापर इथेनॉलवर फोडणंही बरोबर नाही. निती आयोगाच्या २०२१च्या अहवालात इ-१० साठी न बनलेल्या जुन्या कारचं मायलेज ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज होता. मायलेज घटणं वेगळं आणि गाडी बंद पडणं वेगळं. जुन्या टाकीत साठलेला गाळ मात्र इथेनॉलमुळे सुटून फिल्टरमध्ये अडकू शकतो. शंका असेल तर पंपावर फिल्टर पेपरची आणि घनतेची चाचणी मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे.

सीएनजीवाल्यांना तपासणीची सोपी युक्ती आहे. गाडी दोन दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. त्रास थांबला तर दोष गॅसच्या फिल्टर, रेग्युलेटर किंवा इंजेक्टरमध्ये. चालूच राहिला तर प्लग, कॉइल, थ्रॉटलकडे वळा.

डॅशबोर्डवरचे सगळे दिवेच गेले, तर आधी बॅटरीचे टर्मिनल हलवून पाहा. शंभर रुपयांचं काम असतं, हजारोंचे पार्ट बदलल्यावर आठवतं. एरवी मात्र स्कॅनर लावण्याआधी ‘रिसेट’ म्हणून बॅटरी काढू देऊ नका, कारण त्याने साठलेले कोड पुसले जाऊ शकतात. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०५०५ म्हणजे आयडल नियंत्रण. कोड कुठे शोधायचं ते सांगतो, कोणता पार्ट टाकायचा ते नाही. वायर तुटली तरी तोच कोड येतो.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं. ब्रेक पहिल्या एक-दोन दाबांपर्यंत नेहमीसारखा लागतो, नंतर कडक होतो. म्हणून ब्रेक पंप करू नका, एकदाच जोर लावून धरा. हॅझर्ड लावा, गाडी डावीकडे घ्या आणि ती पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. पावसाच्या तुंबलेल्या पाण्यात बंद पडली असेल, तर स्टार्टरला हात लावायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, टोइंगवाल्याला बोलवा.