आपला पासपोर्ट आपल्या कनवटीला

मैत्रिणींनो, ज्या सोसायटीतलं कुणीच परदेशात नाही अशी सोसायटी आता पुण्यात शोधूनच काढावी लागेल. कोथरूड म्हणा, औंध म्हणा, नाहीतर आमची पेठ म्हणा. कुणाचा मुलगा कॅलिफोर्नियात, कुणाची लेक लंडनला, कुणाचा पुतण्या दुबईत. मग लेकीच्या बाळंतपणाला जाणं आलं, नातवाचा वाढदिवस आला, आणि तसं काही नसलं तरी बारा-पंधरा दिवसांची युरोपची सहल कधीतरी ठरतेच. तयारी अर्थातच आपण करतो. मेतकूट किती, भाजणी किती, डिंकाचे लाडू कुठल्या बॅगेत आणि त्या बॅगेचं वजन किती, हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण "पासपोर्ट कुठाय गं?" असं कुणी विचारलं, की आपण बिनधास्त सांगतो, "ह्यांच्याकडे आहे!"

या एका वाक्यावरून आज मला तुमच्याशी जरा भांडायचं आहे.

घरातले सगळे दागिने एकाच डब्यात घालून तो डबा आपण प्रवासात कुणाच्या खांद्याला लावू का? मग चौघांचे चार पासपोर्ट यजमानांच्या एकाच बॅगेत का? रोम, बार्सिलोना, पॅरिस इथले खिसेकापू प्रवाशांमध्ये चांगलेच प्रसिद्ध आहेत. ती एक बॅग गेली की अख्खं कुटुंब अडकलं. प्रत्येकाचा पासपोर्ट प्रत्येकापाशी असला, तर गेलाच तर एकाचा जाईल आणि बाकीचे धावपळ करायला मोकळे राहतील. शिवाय विमानतळावर चुकामूक होतेच. बायकांची रांग निराळी, स्वच्छतागृहं निराळी. अशा वेळी हातात कागद नाही, नंबर पाठ नाही, आणि समोरचा अधिकारी काहीतरी विचारतोय, हे चित्र काही बरं नव्हे.

गंमत पाहा, आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या, गोपाळराव बरोबर नव्हते, आणि अमेरिकेत उतरायला तेव्हा पासपोर्टही लागत नसे. ही वहीची सक्ती पहिल्या महायुद्धाच्या काळात जगभर आली. आता तिच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.

तर आता शिवणकामाकडे वळू या. आपल्या आज्या परकराला चोरखिसा शिवून यात्रेला जायच्या, तीच युक्ती इथे लागू पडते. पासपोर्ट साडेबारा सेंटिमीटर उंच आणि नऊला थोडा कमी रुंद असतो. मांजरपाटाचे दोन तुकडे घ्या, एक १७ बाय १३ सेंटिमीटरचा आणि दुसरा, वरून झाकण येण्यासाठी, २४ बाय १३ चा. तीन बाजूंनी शिवून टाका, झाकणाला वेलक्रोची पट्टी लावा आणि मागच्या बाजूला दोन घट्ट फासे शिवा म्हणजे परकराच्या किंवा सलवारीच्या नाडीत ओवता येईल. सॅटिन किंवा टेरिकॉट नको, ते घसरतं. आत आधी एक साधी प्लास्टिकची पिशवी घाला, कारण घामाने पानं ओलसर होतात. विमानतळावर मात्र पासपोर्ट चार-पाच वेळा दाखवावा लागतो, तेव्हा दर वेळी नाडी सोडत बसू नका! तिथे तो गळ्यातून तिरक्या घातलेल्या लहान पर्समध्ये असू द्या. विमानतळाबाहेर पडायच्या आत कशात गेला, म्हणजे झालं. तपासणीला देऊन टाकायच्या मोठ्या बॅगेत मात्र तो कधीही नको.

मुक्कामी पोचल्यावर हॉटेलवाले नोंदीसाठी पासपोर्ट मागतात. द्यावा, पण तिथेच उभं राहून परत घ्यावा. खोलीतल्या तिजोरीत ठेवायचा की अंगावर, हे देशावर अवलंबून आहे. जपानमध्ये परदेशी पाहुण्याने पासपोर्ट जवळ बाळगलाच पाहिजे असा कायदा आहे. मुलाच्या घरी राहायला गेलात तर एवढी जोखीम नसते, तिथे घरातच ठेवा. पण कुठल्या कपाटात, कुठल्या कप्प्यात, हे सुनेइतकंच तुम्हालाही ठाऊक हवं.

झेरॉक्स हा तर आपला पुणेरी धर्मच. फोटोचं पान, पत्त्याचं शेवटचं पान आणि व्हिसा यांचे तीन संच काढा. एक यजमानांच्या बॅगेत (आणि त्यांचा तुमच्या), एक मोठ्या बॅगेच्या तळाशी, एक इथे भावाकडे किंवा विश्वासू शेजारणीकडे. फोनमध्ये फोटो ठेवा, पण फोन आणि पासपोर्ट एकाच पर्समधून जाऊ शकतात हे विसरू नका, म्हणून स्वतःला ई-मेलही करून ठेवा. अमेरिकेला जाणाऱ्यांनी आणखी एक करावं. तिथे किती दिवस राहायचं ते व्हिसावरच्या तारखेवर नव्हे, तर आय-९४ या नोंदीवर ठरतं. विमानाने येणाऱ्यांना त्याचा कागद २०१३ पासून हातात मिळत नाही, संगणकावरून काढून घ्यावा लागतो. मुलाला पहिल्याच आठवड्यात छापून द्यायला सांगा. आणि दहा वर्षांचा व्हिसा जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टात असेल तर जुना-नवा दोन्ही बरोबर हवेत. जुना म्हणून रद्दीत टाकलात तर व्हिसाही त्याच्याबरोबर गेला.

जाता जाता एक. नव्या वस्तूला हळदकुंकू लावायची आपली चांगली पद्धत आहे, पण पासपोर्टला नको. फोटोच्या पानावर खाली ज्या दोन ओळी असतात त्या यंत्र वाचतं, आणि यंत्राला कुंकू कळत नाही.

एवढं करूनही हरवलाच तर? आधी तिथल्या पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत घ्या, मग आपल्या दूतावासाकडे किंवा कौन्सुलेटकडे जा. न्यू जर्सीत असाल तर न्यू यॉर्कचं कौन्सुलेट, सॅन होजेच्या बाजूला असाल तर सॅन फ्रान्सिस्कोचं. नवा पासपोर्ट मिळू शकतो. परतायची घाई असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात, त्यावर फक्त भारतात परत येता येतं. इथे आल्यावर पुन्हा अर्ज करून मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वारी आलीच. या सगळ्यात ती झेरॉक्स असली की निम्मं काम हलकं होतं. आणि एकदा हरवल्याची नोंद केली की जुना पासपोर्ट रद्द होतो; मग तो सोफ्याच्या गादीखाली सापडला तरी त्यावर प्रवास करू नका.

चोरापेक्षा अवघड गोष्ट शेवटी सांगते. परदेशातल्या मुलाशी लग्न करून गेलेल्या मुलीचा पासपोर्ट नवरा किंवा सासरची माणसं "नीट ठेवतो" म्हणून काढून घेतात, अशा तक्रारी राष्ट्रीय महिला आयोगाकडे येतात. अनिवासी भारतीयांच्या लग्नांतल्या तक्रारींसाठी आयोगाचा वेगळा कक्ष २००९ पासून आहे. कधी मुलीला माहेरी भेटीला म्हणून आणतात आणि नवरा तिचा पासपोर्ट घेऊन एकटाच परत जातो. ब्रिटनने तर २०२४ मध्ये, अशा टाकून दिलेल्या बायकांना ठरावीक अटींवर परत येण्याचा अर्ज करता यावा, म्हणून नियमच बदलले. प्रकार किती सर्रास असतील, तुम्हीच विचार करा.

कायदा इथे मुलीच्या बाजूने आहे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. नवऱ्याची नाही, सासूची नाही, मालकाचीही नाही. (आखातात नोकरीला जाणाऱ्या परिचारिकांनीही हे लक्षात ठेवावं. संयुक्त अरब अमिरातीत कामगाराचा पासपोर्ट ठेवून घ्यायला मालकाला बंदी आहे.) सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सुरेश नंदा यांच्या खटल्यात सांगितलं, की पासपोर्ट जप्त करून अडकवून ठेवणं हा पासपोर्ट अधिकाऱ्याचा अधिकार आहे, पोलिसांचासुद्धा नाही. मग नवऱ्याला तो कुठून आला? अशा वेळी मुलीने दूतावासात जावं, ते जमलं नाही तर परराष्ट्र खात्याच्या 'मदद' या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. २०१५ पासून ही सोय आहे आणि तिच्या वतीने इथून आईवडीलही तक्रार करू शकतात.

पण त्यासाठी तिच्या पासपोर्टचा नंबर आपल्यापाशी पाहिजे ना! तेव्हा रुखवताच्या गडबडीत एक दुपार काढा, तिच्या पासपोर्टच्या, व्हिसाच्या आणि लग्नाच्या दाखल्याच्या झेरॉक्स करा आणि आपल्या कपाटात ठेवा. जावई कितीही लाख मोलाचा असो, त्याला हे सांगायची काही गरज नाही.