हजेरीपटावर नाही, कपाशीच्या तासात आहे

आजचा विषय बोंडअळी नाही. पण तो सापडला मला कपाशीतच.

गेल्या भादव्यात विदर्भातल्या एका गावी कामगंध सापळे बघत बांधानं चाललो होतो. मंगळवार, सकाळचे साडेअकरा. तासात आठवीतला पोरगा पाठीवर पंप घेऊन उभा. तोंडाला फडकं नाही, पायात साधी चप्पल. 16 लिटरचा पंप भरला की वजन 20 किलोच्या आसपास जातं. आधी तो उतरवायला लावला, मग विचारलं, "शाळा?"

"मजूर नाही भेटला. बाबा म्हणाले, आजचा दिवस राहू दे."

सहज म्हटलं, 15 लिटर पाण्याला लिटरमागे 2 मिली औषध, तर एकूण किती? "तीस," पोरगा लगेच बोलला. आणि हाच गणितात 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसतो. त्यानंच सांगितलं, हसत हसत. ते हसू काही मला बरं वाटलं नाही.

पोरगं शाळेतून एकदम सुटत नाही. एकेक दिवसानं सुटतं. निंदणाला दोन दिवस, फवारणीला तीन, पुढे वेचणी, तीही नेमकी सहामाहीच्या तोंडावर. परत वर्गात जावं तर धडा पुढे गेलेला. प्रश्न विचारला की उत्तर येत नाही, पोरं हसतात. त्यापेक्षा शेत बरं, तिथं कोणी हसत तरी नाही. मग बाप म्हणतो, "याचं मनच नाही अभ्यासात."

बापालाही सगळा दोष देऊन चालणार नाही. ऐन हंगामात मजूर मिळत नाही, हे मी रोज बघतो. पण 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक माणसं गेली. त्या कामाला पोरगं लावायचं? डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल विष. कायदाही स्पष्ट आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलानं घरच्या शेतात मदत करायची ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि धोक्याच्या कामात नाहीच.

संध्याकाळी पारावर विषय काढला. सुरुवातीला कोणी बोलेना. मग एक म्हातारबा म्हणाले, "पूर्वी इर्जिक होती, तेव्हा पोरं कुठं लागत होती?" त्यावरून चार घरांनी फवारणी आळीपाळीनं करायचं ठरवलं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. हजेरीवर लक्ष ठेवणं हे त्यांचंच काम, पण बहुतेक ठिकाणी सभा सहीपुरती होते. इथं सरपंचांनी गैरहजर मुलांची यादी सभेत वाचायला लावली. नावं ऐकून दोन बाप खाली बघत होते.

गुरुजींना मी एकच विनंती केली. खाडे करून आलेल्या पोराला दोन दिवस प्रश्न विचारू नका, शेजारी बसवून मागचं दाखवा, आणि गणित शेतातलं घाला. त्यांनी घातलं. सापळे मोजायचं काम त्या पोराकडे दिलं, सकाळी शाळेआधी. सलग तीन रात्री सापळ्यात 8 पतंग आले तर उपाय करायची वेळ झाली, हे त्याला पाठ आहे.

परवा गेलो तर वहीत तीन दिवसांचे आकडे होते: 5, 8, 9. "अजून एक रात्र बघू," मलाच म्हणाला, आणि दप्तर घेऊन पळाला.